धुळ्याला वर केलेला झेंडा

रविवार, ९ जानेवारी १९५५. जळगाव.

पाच महिने या वहीला हात लावला नाही. शेवटची नोंद ऑगस्टची, तीही अर्धी. कामं होती असं लिहिलं तर खोटं होईल, कामं तेव्हाही होती. लिहिण्यासारखं घडत होतं तेव्हाच नेमकं लिहिलं नाही. चूक माझी. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो, दुसरं कोण वाचणार आहे.

राहिलेली मुख्य नोंद ही : डिसेंबरात धुळ्याची मंडळी आमच्या कुमुदला पाहून गेली. मुलगा शिक्षक. वडील वकील, सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. बोलणं सभ्य. पोहे खाल्ले, कु.ला दोन प्रश्न विचारले, 'कळवतो' म्हणाले. त्याला चार आठवडे झाले. याआधी दोन ठिकाणांहून असंच 'कळवतो' आलं होतं, मग काहीच आलं नाही. सौ. पोस्टमनची वाट बघते आणि बघत नाही असं दाखवते.

आज मैदानावर बाबूराव भेटले. सायकलचं दुकान आणि आमच्या फुटबॉल संघाची सेक्रेटरीगिरी, दोन्ही सारख्याच तावातावाने चालवतात. तारीख २३ ला धुळ्याला सामना, दरवर्षीचा, पूर्व खानदेश विरुद्ध पश्चिम. विजयाची ढाल गेल्या वर्षीपासून आपल्याकडे आहे, बरोबरी झाली तरी आपल्याकडेच राहील. रेफरी तिसऱ्या गावचा असतो. दोन कडांचे दोन झेंडेवाले मात्र दोन्ही संघांनी आपापल्यातले द्यायचे अशी रीत. झेंडेवाल्याचं काम एकच. पूर्ण चेंडू रेषेपार गेला की झेंडा वर करायचा. बाकी तोंड उघडायचं नाही.

"मागच्या वेळी त्यांच्या माणसासमोरून चेंडू बाहेर गेला, चहा पिऊन परत आला, तरी त्याचा हात हलला नाही," बा. म्हणाले. "तुम्ही मोजणी कचेरीतले. हद्दीच्या बाबतीत तुमच्यावर कोण बोट ठेवणार?"

हो म्हटलं. लगेच म्हटलं. मान मिळाला की मी फार लवकर हो म्हणतो, हे याआधीही या वहीत लिहिलेलं सापडेल.


शनिवार, १५ जाने.

नानांचं कार्ड आलं. चार ओळी. 'आपली मंडळी २३ ला येत आहेत असे कळते. आपणही यावे. बोलणे होईल.' कु.बद्दल अक्षर नाही.

सौ. म्हणाली, "बोलणं होईल म्हणजे होकारच. नकार द्यायला कोणी घरी बोलवत नाही."

मला तसं वाटत नाही. नकार तोंडावर सांगणारे सभ्य लोकही असतात. शिवाय मी येणार हे त्यांना कुठून कळलं? मी झेंडा धरणार हेही कळलं असेल काय? कार्ड तीनदा वाचलं. त्यात काही नाही, आणि काही नाही म्हणूनच संशय येतो.

बा.ना सांगितलं नाही. घरगुती बाब आहे. पण घरगुतीच असेल तर लपवण्याचं कारण काय? कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. बाहेरच्या खिशातही ठेवता आलं असतं.


शुक्रवार, २१ जाने.

संध्याकाळी बा.च्या दुकानात बैठक. तेवीस जण जाणार. जिनिंगची लॉरी आबांनी मिळवून दिली. आबा धरणगावकडचे, कापूसवाले, साठी उलटलेली, एकही सामना चुकवत नाहीत. खेळाडूही लॉरीनेच येणार, एक सोडून.

तो एक म्हणजे यूसुफ. आमचा लेफ्ट आउट. रंगाऱ्याच्या कारखान्यात कामाला असतो. हात कोपरापर्यंत निळे, आणि अनवाणी खेळतो म्हणून पायाची नखंही निळी दिसतात. त्याच्याइतकं कोणी पळत नाही आणि त्याच्याइतकं कमी कोणी बोलत नाही. त्याचा मामा धुळ्याला आहे. उद्याच्या गाडीने चाळीसगावमार्गे जाणार, रात्री मामाकडे राहणार.

"एक रात्र त्यांच्यात," बा. म्हणाले. तेवढंच. पुढे काही बोलले नाहीत आणि कोणी बोलायला लावलंही नाही.

मी म्हटलं, मामाकडे राहिला तर काय बिघडलं? म्हटलं खरं. पण यूसुफ निघाला तेव्हा मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो. त्याने ते पाहिलं. माझ्या खिशात धुळ्याचं कार्ड होतं.

पाण्याचाही ठराव झाला. धुळ्याला कोणी त्यांच्या माठातलं पाणी प्यायचं नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्या दोघांची पोटं बिघडली होती, ते पाण्यानेच, असं सर्वांचं मत. आबा म्हणाले, "बठ्ठं पानी आठूनच घी चाला. त्यासना माठना भरोसा नही." मला हसू आलं. तरी घरी येऊन, पाणी इथूनच न्यायचं म्हणून, फिरकीचा तांब्या घासून ठेवला.

झेंडा कचेरीतलाच नेतो आहे, मोजणीचा, लाल. सरकारी वस्तू खाजगी कामाला. सोमवारी जागेवर ठेवीन.


रविवार, २३ जाने.

परत आलो. हरलो, एक-शून्य. आपला एक गोल झाला होता, तो माझ्या झेंड्यामुळे गेला. आज जास्त लिहवत नाही.


सोमवार, २४ जाने.

क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मी माझ्याच बाजूने लिहीन अशी भीती वाटते.

लॉरी साडेनऊला निघाली. तळाला सरकीचा आणि कापसाचा थर. एरंडोलपर्यंत सगळे गात होते, पारोळ्याला उतरून भजी खाल्ली. धुळ्याच्या मैदानावर उतरलो तेव्हा प्रत्येकाच्या केसांत, भुवयांत कापूस. तिथल्या गर्दीतून आवाज आला, "पूर्व खानदेशचा माल आला. तोलून घ्या रे." आबांनी टोपी झटकून उत्तर दिलं, "लंबा धागाना माल शे. तुम्हले परवडाव नही." दोन्हीकडचे हसले. तेवढंच हसणं.

बा.नी उतरल्या उतरल्या चौकशी सुरू केली. त्यांच्या संघातले दोन गडी गिरणीतून उसने आणलेत काय. चेंडू हलका का वाटतो. माझ्याकडून टेप घेऊन चेंडूचा घेर मोजला. बरोबर भरला, तेव्हा टेपकडे बघत राहिले.

यूसुफ आधीच आला होता. एकटाच, गोलखांबापाशी पायाला चिंध्या बांधत होता. आमच्यातलं कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. मीही नाही.

इतक्यात नाना आले. सर्वांच्या देखत माझा हात धरला. "महाजनसाहेब, दीड तास आहे अजून. आधी घरी चला, चहा घेऊ." नाही म्हणायला हवं होतं काय? मुलीचा बाप नाही कसा म्हणणार? पण हे बाकीच्यांना कुठे माहीत होतं. त्यांना दिसलं ते इतकंच, की आपला झेंडेवाला त्यांच्या वकिलाबरोबर टांग्यात बसून गेला.

नानांच्या घरी चहा, तिळगूळ. मुलगा घरात नव्हता. कु.बद्दल एक शब्द नाही. कापसाचा भाव, धुळ्याची थंडी, माझी नोकरी. मी वाट बघत होतो. निघताना नानांनी कोपऱ्यातून एक काठी काढली. टोकाला हिरवं फडकं. "आमच्याकडून मी आहे," म्हणाले. म्हणजे दुसऱ्या कडेचा झेंडा त्यांच्याच हातात. आणि मग, "सामना झाला की बोलू."

सामना झाल्यावर का? आधी का नाही? टांग्यात येताना हाच विचार. या वाक्याचा एक सरळ अर्थ आहे आणि एक वाकडा. मी दोन्ही अर्थ घेऊन मैदानावर उतरलो.

परत आलो तेव्हा बा.नी विचारलं, "पाणी प्यायलात तिकडे?"

"चहा."

"चहा पाण्याचाच करतात."

पहिल्या अर्ध्यात त्यांचा गोल झाला. चोख होता, वाद नाही. दुसऱ्या अर्ध्यात आपण पश्चिमेकडच्या गोलवर चाल करत होतो, माझी जागा त्याच कोपऱ्याजवळ, यूसुफच्या बाजूला. दोर लावलेला नव्हता. लोक रेषेवर उभे, कोपऱ्यातला चुना पायाखाली जाऊन फिका झालेला. हे मुद्दाम होऊ दिलं असं बा. म्हणतात. मला तसा पुरावा दिसला नाही.

संपायला सात-आठ मिनिटं असतील. यूसुफ एकाला चुकवून कोपऱ्याकडे पळाला. चेंडू त्याच्या पुढे गेला, गोलरेषेपाशी त्याने तो गाठला आणि आडव्या पायाने मध्ये टाकला. आपल्या सेंटर फॉरवर्डने डोक्याने आत घातला. आपली मंडळी नाचायला लागली.

माझा झेंडा वर होता.

मी काय पाहिलं? लोकांनी ढकललं म्हणून मी दोन पावलं मागे होतो. दोघांच्या पायांमधून पाहिलं. यूसुफने चेंडू मारला त्या क्षणी चेंडू आणि चुन्याच्या मध्ये एक काळी पट्टी दिसली. पट्टी दिसली म्हणजे चेंडू पूर्ण पलीकडे. हात वर गेला. रेफरी लांब होता, त्याने झेंडा पाहून शिट्टी वाजवली. गोल नाही.

आपले खेळाडू माझ्याकडे धावत आले. काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या बाजूच्या रेषेवर उभ्या एका धुळेकराने मला पान देऊ केलं, ते जास्त लागलं.

सामना संपल्यावर नाना मैदान ओलांडून आले. दोन्ही हातांनी माझा हात धरला. "आज पाहिलं," म्हणाले. आणि गेले. 'बोलू' म्हणाले होते, ते बोलणं हेच असावं. सर्वांनी पाहिलं.

परतीच्या लॉरीत माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. पारोळ्याच्या अलीकडे, दिवस मावळताना आबा सरकत सरकत आले.

"भाऊसाहेब, दखं ना तुम्ही?"

"पाहिलं, आबा."

"मंग व्हयनं."

मैलभर गेल्यावर पुन्हा हळूच, "पन दखं का खरंच?"

थंडी वाजते असं दाखवून मफलर तोंडावर घेतला.


मंगळवार, २५ जाने.

झेंडा एक दिवस उशिरा कचेरीत जागेवर ठेवला.

संध्याकाळी बा. घरी आले. बसले नाहीत. त्यांना धुळ्याच्या कार्डाबद्दल कळलं आहे. सौ.ने शेजारी सांगितलं होतं, तिथून पाझरलं.

"मुलगी तिथं द्यायची होती, तर झेंडा धरायला नाही म्हणायचं होतं, महाजन. आम्ही दुसरा माणूस नेला असता."

हे बरोबर आहे.

मग म्हणाले, "झेंडा वर करण्याआधी तुम्ही समोर बघितलंत. त्यांच्या वकिलाकडे. मी पाहिलं."

"मी चेंडूकडे बघत होतो."

"आधी समोर, मग झेंडा."

ते गेल्यावर बराच वेळ डोळे मिटून बसलो. समोरची कड आठवते. नाना आठवतात, हिरवं फडकं खाली धरलेलं. पण हे त्या क्षणाचं आठवतं की आधीच्या दहा मिनिटांतलं कुठलं? मनात शिक्का नसतो, तारीख-वार नसतो. कचेरीत मी लोकांना सांगतो, आठवणीवर हद्द ठरत नाही, खूण दाखवा.


बुधवार, २६ जाने.

प्रजासत्ताक दिन. कचेरीत झेंडावंदन. शेजारच्या टेबलावरचे कारकून हळूच म्हणाले, "महाजन, आजचा तरी बरोबर वर गेलाय ना?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर वाटलं, का हसलो.

सौ. भाजी आणायला गेली तर भाजीवालीनेही विचारलं म्हणे, लग्न कधी आहे. जे ठरलेलंच नाही त्याची तारीख गावाला माहीत आहे.


शुक्रवार, २८ जाने.

नानांचं पत्र. पाकीट, दोन पानं. होकार.

मजकुरातलं एवढंच उतरवतो : 'मुलगी पहिल्याच भेटीत आवडली होती. पण घर कसे आहे हे एका भेटीत कळत नाही म्हणून थांबलो. रविवारी आपल्याच मंडळींच्या विरुद्ध आपण हात वर केलात, ते प्रत्यक्ष पाहिले. आता जास्त पाहण्याची आवश्यकता वाटत नाही. अशा घराशी संबंध जुळावा ही इच्छा.'

सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मी पत्र पुन्हा वाचलं आणि माझा संशय उलटा फिरला. आतापर्यंत मला वाटत होतं, नाना मला विकत घेताहेत की काय. तसं नाही. त्यांनी मला प्रामाणिक धरलं आहे. होकार त्यावर उभा आहे. आणि मी प्रामाणिक होतो की नाही, हे मला माहीत नाही.

की हाही वकिली डाव? 'प्रामाणिक' म्हणून माणसाला बांधून टाकायचं, म्हणजे आपल्या मंडळींनी तक्रार केली तर तो झेंड्यावरून मागे फिरणार नाही. असंही मनात आलं. आल्याची नोंद करतो. मला स्वतःचीच किळस आली.

सौ. म्हणाली, "आता हो लिहून टाका. चेंडू कुठं गेला ते धुळ्याचे लोक बघतील."

कु. ओसरीत तांदूळ निवडत होती. मी पत्र तिच्याकडे दिलं. तिचंच आहे ते, तिने वाचायला हवं. वाचून झाल्यावर घडी घातली.

"अण्णा, चेंडू बाहेर गेला होता?"

"मला तसं दिसलं."

"दिसलं, की गेला होता?"

तिने दिलेलं पत्र मी पुन्हा उघडलं.

"यात माझ्याबद्दल दीड ओळ आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं तुमच्या झेंड्याबद्दल. झेंडा खरा असेल तर मी आनंदाने जाईन. नसेल तर तिथं जन्मभर खाली मान घालून वावरायचं, आणि का ते कोणाला सांगताही यायचं नाही."

"इतकं कोणी मनाला लावून घेत नाही, कुमुद."

"तुम्ही घेता. मी तुमचीच मुलगी आहे." पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "खात्री झाली की लिहा. हो लिहा नाहीतर सगळं खरं लिहा. पण खात्री झाल्यावर."

एकोणीस वर्षांची आहे. दोन नकार पचवून बसली आहे. या होकाराची तिला किती गरज आहे ते मला ठाऊक आहे, तरी ती हे बोलली.


शनिवार, २९ जाने.

कचेरीतून येऊन मैदानाचा नकाशा काढला. गोल पश्चिमेला. वेळ सव्वाचारच्या सुमारास. जानेवारीतलं ऊन, सूर्य गोलच्या मागे, खाली आलेला. म्हणजे चेंडूची सावली मैदानात, आतल्या बाजूला पडणार. चेंडू रेषेवर असेल तर सावली चुन्यावर पडेल, आणि सावलीतला फिका चुना माझ्या जागेवरून काळाच दिसेल. चेंडू रेषेपार असेल तर मधली जमीन दिसेल. तीही काळी, ती तर काळ्या मातीचीच.

म्हणजे मी पाहिलेली पट्टी दोन्ही वेळा काळी.

मग माझ्या ओसरीवर कु.ला बोलावून, चुन्याची रेघ ओढून, तिच्या हातून तांब्या पुढेमागे सरकवून पाहिला. तांब्या काही चेंडू नव्हे. तीनदा मी 'बाहेर' म्हटलं, त्यात एकदा तांब्या रेषेवरच होता.

"तीनात एक," कु. म्हणाली. रेघ फडक्याने पुसली.

पण मूळ प्रश्न हा नाहीच. डोळा चुकला असेल तर चूक झाली, माफी मागता येते. प्रश्न असा, की शंका होती त्या क्षणी हात वर का गेला, खाली का राहिला नाही? शंका असली तर झेंडा खाली, असंच ना? की मला शंका आलीच नाही? आणि शंका न येण्याइतकी मला कसली घाई होती? आपल्याच माणसांविरुद्ध हात वर करताना एक प्रकारचं समाधान वाटलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. समोर नाना बघत होते आणि मला ते ठाऊक होतं. मी त्यांच्या बाजूने निकाल दिला नसेल. पण त्यांना दिसावा असा दिला नाही, हे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.


रविवार, ३० जाने.

दुपारी बा. आले. आज बसले. पाणी मागितलं.

तक्रारीचा अर्ज तयार करून आणला होता. सामन्यानंतर आठ दिवसांत कमिटीकडे द्यायचा असतो, मुदत उद्या संपते. उद्या दुपारच्या गाडीने ते स्वतः भुसावळला नेऊन देणार. अर्ज मान्य झाला तर सामना पुन्हा, इथे जळगावला.

अर्जात लिहिलं आहे : 'आमच्या लेफ्ट आउटने चेंडू मारला तेव्हा तो रेषेच्या आत होता. आमच्या झेंडेवाल्याकडून झेंडा नजरचुकीने वर झाला.' खाली सह्या. शेवटची ओळ माझ्यासाठी रिकामी.

"नजरचुकीने म्हटलंय," बा. म्हणाले. आवाज खाली आला होता. "दुसरं काही म्हटलेलं नाही. तुम्ही सही करा, सगळं मिटलं. मी स्वतः गावात सांगेन की महाजनांची नजर चुकली, नियत नाही. पोरीच्या लग्नाला लॉरी भरून येऊ."

मी म्हटलं, "चुकलीच असेल, तर करीन."

"आणि नसेल चुकली तर?"

"तर कशी करू?"

"महाजन, तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही, मग सही करायला काय जातं? धुळ्याच्या बाजूने माहीत नसताना हात वर केलात, आता आपल्या बाजूने माहीत नसताना करा."

हा माणूस उगाच संशय घेतो असं मी समजत होतो. माझ्याबद्दलचा त्याचा संशय माझ्या संशयापेक्षा फार लांब नाही.

सह्या वाचत होतो. कॅप्टन, गोलकीपर, बाकीचे. मोजल्या. दहा. अकरावी नाही.

"यूसुफची नाही."

"भेटला नाही. मामाकडेच राहिला दोन दिवस. आल्यापासून मैदानावर फिरकला नाही. आणि त्याची सही असली काय, नसली काय. तो दोन्हीकडचा."

"चेंडू त्याने मारला, बाबूराव. रेषेपाशी तोच होता. त्याला कोणी विचारलं?"

बा. माझ्याकडे बघत राहिले. "त्याला काय विचारायचं? तो आपला असेल तर आत म्हणेल. नसेल तर बाहेर म्हणेल." अर्ज टेबलावर ठेवला. "सकाळी अकराला येतो."

ते गेल्यापासून एकच चित्र डोळ्यांपुढे येतंय. झेंडा वर गेल्यावर नऊ जण माझ्याकडे धावत आले, गोलकीपर लांबून ओरडत होता. यूसुफ आला नाही. तो माझ्यापासून सगळ्यात जवळ होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं, वाकून पायाची चिंधी सारखी केली आणि मान खाली घालून आपल्या जागेवर चालत गेला. एक शब्द नाही. आठ दिवस हे माझ्यासमोर होतं आणि मी सावल्या मोजत बसलो.

चेंडू बाहेर गेला हे माहीत होतं म्हणून तो बोलला नाही? की आत होता, आणि आपण बोललो तर कोणी ऐकणार नाही, उलट मामाचं नाव निघेल, हे माहीत होतं म्हणून?

त्याला विचारायचा मला हक्क आहे काय, हेही कळत नाही. आत म्हणाला तर नानांना सगळं लिहावं लागेल, आणि कु.चा होकार जाईल. बाहेर म्हणाला तर माझी सुटका होईल. मग त्याचं काय? बा. उद्यापासून त्याला संघात उभा करणार नाहीत. माझा भार मी त्याच्या डोक्यावर ठेवीन. आणि तो खरं बोलला हे मी कशावरून धरणार? निघायच्या आदल्या दिवशी दुकानात मी त्याच्याकडे कसा बघत होतो हे त्याला माहीत आहे. मला तरी तो खरं का सांगेल?

कु.ने आत्ता येऊन विचारलं, काय ठरलं. सांगितलं, यूसुफला विचारलं नाही अजून. ती म्हणाली, "मी समजत होते तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं असेल."

अर्ज टेबलावर आहे. नानांचं पत्र शेजारी आहे. अर्जावरची सही आणि पत्राचं उत्तर, दोन्ही राहिलं आहे.

उद्या : अकराच्या आत रंगाऱ्यांच्या गल्लीत जाऊन यूसुफला भेटणे.